चुन्याची खूण

हौसाआक्का मुलं मोजत नसे. अंगणवाडीची पंचवीस-तीस पोरं माळावर नेऊन परत आणली की मी शाळेच्या ओट्यावरून ओरडायचो, "आक्का, मोजली का?" ती तिथूनच हात हलवून मला वाटेला लावायची. एकदा मी फारच मागं लागलो, तेव्हा ओट्यापर्यंत आली आणि काठी भिंतीला टेकवून म्हणाली, "मोजली की आकडा बरोबर येतो गुरुजी. त्यात एखांदं दुसऱ्याचं आसलं तरी बी बरोबरच येतो. म्या तोंडं बगते."

मला राग आला होता. मी आकड्यांवर जगणारा माणूस. पटसंख्या, हजर, गैरहजर, वरून मागितलेले तक्ते हे सगळं वेळच्या वेळी करणारा म्हणून आसपासच्या शाळांच्या केंद्रात माझं नाव होतं आणि त्याचा मला जरा जास्तच अभिमान होता. नव्वदच्या दशकात माझी बदली खुटबावच्या पुढं, जिथं डांबरी रस्ता संपून माळ सुरू होतो त्या वस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेत झाली. मूळचा मी शिरूरचा, बाजारपेठेतल्या बोळात वाढलेला. वड, पिंपळ, आंबा, कडुलिंब एवढी झाडं ओळखू यायची, बाकी सगळं गवत. पर्यावरणाचा तास मी तक्ता टांगून घ्यायचो आणि तो चांगला घेतो असं मला वाटायचं.

शाळेच्याच एका खोलीत अंगणवाडी होती. सेविकेच्या जागेवर कुणी टिकत नसे. बाई यायच्या, वस्ती बघायच्या आणि चार महिन्यांत बदली करून घ्यायच्या. मग उरायची ती मदतनीस, म्हणजे हौसाआक्का. खिचडी शिजवायची तीच, पोरं घरोघरून गोळा करायची तीच आणि शिकवायचीही तीच. उंच, वाळलेली, पायात टायरच्या वहाणा, हातात काठी. लिहिता-वाचता येत नव्हतं. तिच्या घरची मेंढरं होती. लग्नानंतरही कित्येक वर्षं ती दिवाळी झाली की मेंढरांमागं कोकणात उतरायची आणि उन्हाळ्यात परत यायची. पुढं विहिरीला पाणी लागलं, सासऱ्यानं मेंढरं विकली आणि घर शेतीला लागलं. "समदी थांबली," ती सांगायची, "माजं पाय तेवढं थांबायचं ऱ्हायलं."

म्हणून ती पोरांना घेऊन चालायची. रोज सकाळी खिचडी शिजायला टाकण्याआधी तासभर माळावर. पोरं पुढं आणि ती मागं. मी एकदा शिस्तीची आठवण करून दिली, बाईंनी पुढं चालावं, पोरांनी रांगेत मागून यावं. ती म्हणाली, "म्या पुढं आसले की पोरं माजी पाठ बगत्यात. आन् माज्या पाठीवर काय हाय बगन्यासारखं?" धनगराच्या घरची, बौद्धवस्तीतली, ऊसतोडीला गेलेल्यांची मागं राहिलेली, सगळी पोरं एकाच घोळक्यानं जायची. घोळका पांगला की ती जिभेनं एक आवाज काढायची आणि पोरं आपोआप जवळ यायची. तो आवाज मेंढरं वळवायचा होता हे मला पुष्कळ उशिरा कळलं. वेळेवर कळलं असतं तर त्यावरही मी काहीतरी बोललो असतो.

तिची एक रीत होती. मेंढपाळांच्या घरात नवं जन्मलेलं एखादं कोकरू घरातल्या लहान पोराच्या नावानं ठेवतात. ते कोकरू त्या पोराचं. आक्काकडं कोकरं नव्हती, माळ होता. अंगणवाडीत नवं पोर आलं की आठ-पंधरा दिवस ती त्याला नुसती बघायची आणि मग एके दिवशी माळावर नेऊन म्हणायची, "ह्ये तुजं." कुणाला टिटवीचं घरटं, कुणाला मुंग्यांचं भोक, कुणाला तरवडाचं झुडूप, एका धडपड्या पोराला खोकडाचं बीळ. जागेच्या कडेला ती तीन दगड मांडायची. हात लावायचा नाही, पाय द्यायचा नाही आणि रोज बघून येऊन काय दिसलं ते सांगायचं. खिचडी खाऊन झाली की लिंबाखाली हे सांगणं चालायचं. ती मध्ये बोलत नसे, चुकलं तरी दुरुस्त करत नसे. एक पोरगा आठवडाभर सांगत होता की त्याच्या मुंग्या लग्नाला चालल्यात. आक्का रोज विचारायची, "पोचल्या का रं?"

पमी नावाची एक पोरगी होती. चार महिने अंगणवाडीत येऊन तिच्या तोंडातून शब्द निघाला नव्हता. मुकी आहे असंच आम्ही धरून चाललो होतो, मी तसा तपासणीचा अर्जही भरून ठेवला होता. आक्कानं तिला टिटवी दिली. दगडगोट्यांत उघड्यावर घातलेली अंडी, दगडासारखीच ठिपक्यांची. पहिल्या दिवशी एक होतं. पमी रोज जायची, लांबून बघायची, गप यायची. एके दिवशी लिंबाखाली तिची पाळी आली, आक्का नेहमीसारखी वाट बघत बसली, आणि पमी म्हणाली, "चार झाली." आक्कानं काहीही केलं नाही, टाळ्या नाहीत, कौतुक नाही. "बरं," म्हणाली आणि पुढच्या पोराकडं वळली. नंतर चुलीपाशी एकटीच बसून पदरानं डोळे पुसताना मी तिला बघितलं. मी तो अर्ज फाडून टाकला.

त्याच पमीनं पुढं आपल्या आजोबाची बैलगाडी अडवली. गाडीवाटेच्या मधोमध तिच्या टिटवीनं अंडी घातली होती. आबा कडबा भरून येत होते आणि ही हात पसरून वाटेत उभी. आबांनी शिव्या घातल्या, चाबूक दाखवला. पमी हलली नाही. शेवटी आबांनी बैल वळवले, गाडी माळावरून घातली. दुसऱ्या दिवशी मागच्या गाडीनं तोच माग धरला आणि पिल्लं निघून गेली तरी वाट काही सरळ झाली नाही. असं करत करत अख्खी वस्ती त्यात ओढली गेली. कुणाच्या पोराचं काय कुठं आहे हे बाप्यांनाही ठाऊक झालं. गुरं वळणारा म्हातारा सांगायचा, "तिकडं नगं, तिकडं जाधवाच्या बारक्याचं बीळ हाय."

मीही एकदा गेलो होतो तिच्याबरोबर. डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालायला लागली तसा मी जागीच थांबलो आणि पायाखाली बघायला लागलो. ती पुढं उतरली, पंख ओढत लंगडल्यासारखी चालली, ओरडत राहिली. मी तिच्या मागं मागं पन्नास पावलं गेलो. वळून बघतो तर आक्का आणि पोरं पोट धरून हसत होती. "गुरुजी, तिथं काय न्हाई," आक्का म्हणाली. "आंड्यावरनं ती गप उठती. लांब जाती आन् मग बोंबलती. जिथं लई बोलती तिथं तिचं काय बी नसतं. तुमाला वाटतं तुमी तिच्या मागं लागला, पर तीच तुमाला घालवती." पोरं दिवसभर माझ्याकडं बघून हसत होती. मलाही त्या दिवशी बरं वाटलं होतं, हे कबूल करतो.

मग स्पर्धा आली. जिल्ह्यात त्या सुमारास कसल्या ना कसल्या स्पर्धा चालूच असायच्या. ओसाड जागेवर झाडं लावायची, मुलांच्या हातानं लावायची, गावानं सहभाग द्यायचा. माझ्यासारख्या माणसाला आणखी काय हवं? शाळेसमोर एवढा माळ मोकळा पडलेला. मी रात्रंदिवस तेच बोलायला लागलो. गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी अशी रोपांची मागणी केली. बांधकामावरचं खोदायचं एक मशीन ओळखीनं एका दिवसासाठी मिळवलं. देवळापुढं बैठक घेतली आणि हा ओसाड माळ हिरवागार करून दाखवू, असं भाषण ठोकलं. बायकांच्या मागच्या रांगेतून आक्काचा आवाज आला, "वसाड कुठं हाय?" सगळे हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी ती ओट्यावर आली. कधी बसत नसे, त्या दिवशी पायरीवर बसली.

"गुरुजी, झाडं लावा. म्या नगं म्हणत न्हाई. तुमी शिकल्यालं हाय, तुमाला ठावं आसंल. पर पोरांच्या जागा तेवढ्या सोडा."

"किती आहेत?"

"बगा की, जेवढी पोरं तेवढ्या."

मी मनातल्या मनात हिशेब केला. शेकडो खड्ड्यांत पंचवीस-तीस जागा सोडल्या तर काही बिघडत नव्हतं. उलट पाहुण्यांना सांगायला चांगली गोष्ट झाली असती. मी म्हणालो, "सोडू की. शाळेच्या रंगकामातला चुना शिल्लक आहे. तुमच्या त्या तीन-तीन दगडांना लावा. चुना दिसला की ती जागा सोडायची, असं मी मशीनवाल्याला सांगतो."

"तुमी हुबं ऱ्हाल का तवा?"

"राहीन ना."

"मग पोरांस्नी सांगू का म्या तसं?"

"सांगा," मी म्हणालो.

आता इतक्या वर्षांनी मला कळत नाही की त्या क्षणी माझं डोकं कुठं गेलं होतं. जन्मभर मी चुन्यानं आखत आलो. शाळेच्या खोल्यांचा पाया आखला तो चुन्यानं. संडासाचे खड्डे, झेंड्याच्या खांबाचा खड्डा, सगळं चुन्यानं. चुना टाकला की तिथं खोदायचं, हे कुठल्याही गवंड्याच्या हाताखालच्या माणसानं सांगितलं असतं. आक्काला ते ठाऊक नसणार, तिनं आयुष्यात काही बांधलंच नव्हतं. मला ठाऊक होतं. मी स्वतः तिथं उभा राहून सांगणार होतो म्हणून मला त्याची काळजी वाटली नाही.

पोरांनी चुना लावला तो दिवस मला स्वच्छ आठवतो. एका डब्यात कालवलेला चुना आणि हातात चिंध्या. बोटं, नाकं, केस पांढरे करून पोरं परत आली. पमी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "गुरुजी, आता माज्या टिटवीला कोन बी काय करनार न्हाई. आक्का म्हनली." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मशीन शनिवारी सकाळी येणार होतं. रविवारी स्पर्धेच्या पाहणीला साहेब येणार होते. शुक्रवारी दुपारी मी दौंडला पंचायत समितीत गेलो होतो, साहेबांची वेळ पक्की करायला आणि रोपांची गाडी सोडवायला. इकडं मशीन एक दिवस आधीच मोकळं झालं आणि बांधकामवाल्यांनी ते पाठवून दिलं. माझ्या जोडीदार शिक्षकानं ड्रायव्हरला माळ दाखवला आणि तो वर्गावर गेला. त्याला मी रांगा कशा घ्यायच्या ते सांगितलं होतं. चुन्याचं सांगितलं नव्हतं. ते मी स्वतः सांगणार होतो ना!

आक्का वस्तीवरच होती, मी दौंडला गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. मशीनचा आवाज तिनं ऐकला. पोरं बघायला धावत निघाली तशी तिनं सगळ्यांना दार लावून आत बसवलं, चाकाखाली कुणी येऊ नये म्हणून. हे मला नंतर पमीच्या आईनं सांगितलं. पोरं रडायला लागली तेव्हा ती म्हणत होती, "आरं, चुना लावलाय न्हव? गुरुजी हाय्ती तिथं. त्ये काय करू देत्यात व्हय?" दिवस मावळेपर्यंत ती त्यांना घेऊन बसली होती.

मी शेवटच्या गाडीनं आलो आणि थेट झोपलो. सकाळी माळावर गेलो तर ड्रायव्हर उरलेल्या रांगा घेत होता. बिहारकडचा पोरगेला माणूस. चुना होता तिथं पहिल्यांदा खोदलं होतं, मग रांगा. प्रत्येक चुन्याच्या जागी एक खड्डा, नीट, चौकोनी, माती एका अंगाला काढलेली. मी त्याच्यावर ओरडलो. तो घाबरून खाली उतरला आणि म्हणाला, "साहब, चूना था तो खोद दिया. सब जगह ऐसाही होता है." त्याचं काही चुकलं नव्हतं.

तेवढ्यात पोरं आली. पुढं पोरं, मागं आक्का. मी हात करून त्यांना थांबवायला हवं होतं. पोरं आपापल्या जागेकडं पळाली, कारण प्रत्येकाला आपली जागा डोळे मिटून सापडत होती. आरडाओरडा झाला नाही. एकेक जण आपल्या खड्ड्यापाशी जाऊन आत बघत उभा राहिला. मातीच्या ढिगात पांढरे दगड दिसत होते. पमीच्या खड्ड्यावर टिटवीची जोडी फिरत होती आणि ओरडत नव्हती.

पमी परत आली. माझ्याकडं नाही, आक्काकडं. "तू म्हनली व्हतीस ना?"

आक्कानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "व्हय," ती म्हणाली, "म्या म्हनलं व्हतं."

बस, एवढंच. गुरुजींनी सांगितलं होतं, गुरुजी उभे राहणार होते, असं एक अक्षर तिनं काढलं नाही. सगळं आपल्या अंगावर घेतलं आणि पोरांच्या नजरेसमोर उभी राहिली. मी बोलायला हवं होतं. "पोरांनो, आक्काची चूक नाही, माझी आहे," एवढं वाक्य. मी ते आजतागायत बोललेलो नाही.

रविवारी साहेब आले. प्रत्येक मुलाच्या हातात रोप दिलं, मुलांनी आपापल्या खड्ड्यात ते लावलं. पमीनं रोप खड्ड्याच्या काठावर ठेवलं आणि ती निघून गेली. ते मी घाईघाईनं लावून टाकलं. आमच्या वस्तीला तालुक्यात दुसरं बक्षीस मिळालं. फोटोत आक्का कडेला उभी आहे, काठी हातात घेऊन, तोंड माळाकडं.

झाडं जगली, हे तर आणखी वाईट. सुबाभूळ फोफावली, कुंपण झालं, चराई बंद झाली. सावलीखालचं गवत दोन-तीन पावसाळ्यांत गेलं. टिटव्या गेल्या, चंडोल गेले, खोकड तर कुणी पुन्हा बघितलंच नाही. बाहेरून येणारे म्हणायचे, वा गुरुजी, नंदनवन केलंत! मी मान खाली घालायचो आणि त्यांना तो विनय वाटायचा.

आक्का पोरांना घेऊन चालत राहिली, पण जागा देणं तिनं बंद केलं. मी एकदा विचारलं, कुंपणापलीकडं अजून थोडा माळ आहे, तिकडं का नाही देत? ती खिचडी ढवळत होती. "दिलं म्हंजी त्याची राखन बी आपुनच कराया पायजे," ती म्हणाली. "माजी राखन कमी पडली." मी म्हणालो, "आक्का, तुमची नाही." तिनं पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं आणि वाट बघितली. लिंबाखाली पोरांची बघायची तशी. शेवटी तिनं खिचडीवर झाकण ठेवलं. पमी पुढं माझ्या वर्गात आली, हुशार निघाली, पण लिंबाखाली सांगायची तसं कधी काही सांगितलं नाही. पुढं माझी बदली कोरेगाव भीमाच्या बाजूला झाली.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी सेवापुस्तकातली एक नोंद राहिली होती, म्हणून मी पुन्हा त्या शाळेत गेलो. रस्ता वस्तीपर्यंत डांबरी झाला होता आणि पमीच्या टिटवीपाशी तो अजून वळत होता. काम झालं. आक्का कुठं आहे विचारलं तर शिक्षिका म्हणाल्या, "कामावरून कधीच कमी झाल्या, पण रोज सकाळी पोरं नेतात. कुंपणापलीकडं असतील."

मी गेलो. शेवटच्या तुकड्यावर, जिथं अजून कुसळी गवत उभं होतं, तिथं आक्का होती. वाकलेली, पण काठी तीच. सात-आठ पोरं इकडंतिकडं विखुरलेली, प्रत्येक जण कुठंतरी टक लावून बघत उभं. मला बघितल्याबरोबर तिनं जिभेनं तो आवाज काढला. पोरं एका क्षणात जागा सोडून तिच्याजवळ गोळा झाली. मी इकडंतिकडं बघितलं. कुठंही तीन दगड नव्हते.

"आक्का, पुन्हा जागा द्यायला लागलात?"

"कसल्या जागा, गुरुजी? उगं पाय मोकळं करतो."

एक चिमुरडी माझ्याकडं बघत होती. मी खाली बसलो आणि विचारलं, "तुझं काय आहे गं बाळा, इथं?"

तिची नजर निमिषभर डावीकडच्या गोट्यांवर गेली. लगेच तिनं ती उचलली, सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, "काय न्हाई."

आणि मग आक्का बोलायला लागली. जी बाई दिवसभरात दहा वाक्यं बोलत नसे, ती माझ्या बायकोची तब्येत विचारायला लागली, पोरं कुठं असतात, घर बांधलं का, शिरूरला पाऊस कसा आहे. माझ्यापुढं चालायला लागली, उजवीकडं, रस्त्याच्या दिशेनं. जन्मभर मागं चाललेली बाई, गुडघ्यानं लंगडत, मोठमोठ्यानं बोलत पुढं, आणि मी तिच्या मागं. डांबरीपर्यंत आली. "च्या घ्या नायतर वस्तीवर," म्हणाली, "पर गाडी चुकंल तुमची." मी वळून बघितलं. पोरं पुन्हा आपापल्या जागी जाऊन उभी राहिली होती.

एसटी खुटबावच्या अलीकडं आली तेव्हा मला कळलं की आक्का टिटवीसारखी मला लांब घेऊन आली होती.